फोर्ट कोचीतलं हेरिटेज हॉटेल, आईचे गुडघे आणि तेलाची द्रोणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबांची सत्तरी २८ जुलैला आहे आणि लेकीला आईबाबांना घेऊन चार रात्री फोर्ट कोचीला जायचंय. आई पासष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात, मधुमेह आणि रक्तदाब या दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. पाण्याकाठच्या जुन्या डच बंगल्यातलं एक हॉटेल मनात भरलंय. तिथे आयुर्वेदिक स्पा आहे, पॅकेजमध्ये ‘तीन दिवसांचं पंचकर्म’ लिहिलंय, आणि दर पाण्यापलीकडच्या एर्नाकुलममधल्या चांगल्या नव्या हॉटेलच्या जवळजवळ दुप्पट आहे. एवढे पैसे घालावेत, की सरळ लिफ्ट असलेलं नवं हॉटेल घ्यावं?

मी पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि नंतरची १९ वर्षं हॉटेलांतच काढली. त्यातली ११ फोर्ट कोचीत, जुन्या वास्तूंमध्ये. फ्रंट ऑफिसला सुरुवात केली आणि पुढे सगळ्या खोल्यांची जबाबदारी माझ्याकडे आली. कोणता पाहुणा कोणत्या खोलीत जाईल, हे रोज सकाळी मी ठरवत असे. मी वैद्य नाही. उपचारांबद्दल पुढे जे लिहिलंय ते आमच्या वैद्यांबरोबर रोज बसून, त्यांची वही आणि माझी वही जुळवताना शिकलेलं आहे.

तुम्ही पैशांचं विचारलंत, पण तुमची खरी अडचण जिन्याची आहे. आणि जिन्याबरोबर ओल, आणि ओलीबरोबर तेल. या तिन्हींचा बंदोबस्त झाला तर दुप्पट दर मला मुळीच जड वाटत नाही, कारण सत्तरीच्या माणसांना जुन्या घरात जे सुख मिळतं ते काचेच्या इमारतीत मिळत नाही, हे मी शेकडो चेहऱ्यांवर पाहिलंय. बंदोबस्त झाला नाही, तर तेच घर आईंना चार दिवस शिक्षा वाटेल. म्हणून माझं पहिलं सांगणं: नव्या हॉटेलात आपण हॉटेल निवडतो, जुन्या वास्तूत खोली निवडावी लागते. नव्या हॉटेलात २०४ आणि ३०४ सारख्याच असतात. जुन्या घरात शेजारशेजारच्या दोन खोल्यांचं आपसात काही नातं नसतं. एक दिवाणखान्यातून निघालेली असते, दुसरी धान्याच्या कोठारातून.

हे असं का, ते समजून घ्या. फोर्ट कोचीत पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये किल्ला बांधायला घेतला, १६६३ मध्ये गाव डचांकडे गेलं आणि १७९५ मध्ये इंग्रजांकडे. प्रत्येकानं आधीच्याच्या भिंती जमतील तशा वापरल्या. त्यामुळे ज्याला आपण डच बंगला म्हणतो त्याचं जोतं पोर्तुगीज असू शकतं आणि खिडक्या इंग्रजी अमलातल्या. गाव व्यापाराचं होतं. मिरी, सुंठ, वेलदोडा, काथ्या. पाण्याकाठच्या अनेक घरांत खाली माल आणि वर माणसं असा हिशेब होता. मालाला उजेड नको, वारा बेताचा हवा आणि चोरापासून राखण हवी. म्हणून खालच्या खोल्या बसक्या, खिडक्या लहान आणि उंचावर. माणसांना वारा हवा, गलबतं दिसायला हवीत. म्हणून माडीवर उंच छत, फणसाच्या किंवा सागाच्या फळ्यांची जमीन, पाण्याकडे उघडणारा लांब व्हरांडा.

आता अशा घराचं हॉटेल झालं की काय होतं ते पाहा. जाहिरातीतला फोटो माडीचा असतो. सगळ्यात महाग खोली माडीवर असते. आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला स्वागतकक्षातला भला माणूस म्हणतो, ‘काही हरकत नाही, तुम्हाला तळमजला देतो.’ तळमजला म्हणजे बऱ्याचदा ती जुनी वखार. तुमच्यापुढे हाच पेच आहे: आवडलेली खोली वर आहे, झेपणारी खोली खाली आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण तिनंच मला जिना मोजायला शिकवलं. एक वयस्क जोडपं आलं होतं, लग्नाची पन्नास वर्षं झाली होती. त्यांना आनंद व्हावा म्हणून मी न विचारता त्यांना वरच्या दर्जाची खोली दिली, माडीवरची, थेट पाण्यावर उघडणारी. जिन्याची एकेक पायरी साडेनऊ इंच उंच, आणि तिची रुंदी इतकी कमी की माझंही पाऊल पूर्ण टेकत नसे. आधाराला एका बाजूला दोर. वर जाताना काकू हसत गेल्या. खाली येताना चौथ्या पायरीवर थांबल्या आणि मग भिंतीला पाठ लावून, आडवं होऊन, एकेक पायरी उतरल्या. चार दिवसांत त्या फक्त तीनदा खाली आल्या. न्याहारी वर मागवली, देऊळ राहिलं, चर्च राहिलं. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, ‘खोली फार सुंदर होती गं.’ मला रात्रभर झोप लागली नाही. तेव्हापासून मी ज्या ज्या वास्तूत काम केलं तिथल्या प्रत्येक जिन्याची उंची, पायऱ्यांची संख्या आणि कठडा कोणत्या हाताला आहे हे वहीत लिहून ठेवलं. गुडघेदुखीत चढण्यापेक्षा उतरणं कठीण जातं, आणि ते फोटोत कधी दिसत नाही.

म्हणून हॉटेलला ‘लिफ्ट आहे का’ एवढंच विचारू नका. जुन्या घरात लिफ्ट बहुधा नसतेच, आणि असली तरी ती मागच्या नव्या भागात असू शकते. विचारा: गाडी थांबते तिथपासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? पलंगापासून जेवणघरापर्यंत किती? पलंगापासून स्पापर्यंत किती? या तीन आकड्यांत तुमचं उत्तर आहे. मी स्वतः या कामात असते तर चार पायऱ्यांपर्यंत बिनधास्त हो म्हटलं असतं, आठ-दहा रुंद पायऱ्या दोन्ही बाजूंनी कठडा असेल तर दिवसातून एकदा चालतील असं सांगितलं असतं, आणि एका दमात वीस लाकडी पायऱ्या असतील तर हॉटेल कितीही देखणं असो, नाही म्हटलं असतं. अर्थात आईंचे गुडघे किती दुखतात यावर हे अवलंबून आहे. घरी त्या रोज एक मजला चढतात-उतरतात का, एवढं आठवून बघा.

सगळी जुनी हॉटेलं वखारीचीच नसतात. आतल्या गल्ल्यांमध्ये, रोझ स्ट्रीट आणि परेड ग्राउंडच्या आसपास, अधिकाऱ्यांची आणि सावकारांची राहती घरं होती. तिथे मधल्या अंगणाभोवती तळमजल्यालाच चांगल्या खोल्या मिळतात, आपल्या चौसोपी वाड्यासारख्या. समुद्र दिसत नाही, पण सकाळी अंगणात चहा घेत बसता येतं आणि बाबांना हवं तर पाच मिनिटांत चालत पाण्यापाशी जाता येतं. तुमच्या घरच्या परिस्थितीला मला हे जास्त साजेसं वाटतं. बोलगट्टी बेटावर १७४४ चा डच प्रासाद आहे. पुढे तिथे इंग्रज रेसिडेंट, म्हणजे कंपनीचे प्रतिनिधी, राहत आणि आता केरळ पर्यटन विकास महामंडळाचं हॉटेल आहे. जागा मोकळी, झाडी सुंदर. मात्र ते फोर्ट कोचीत नाही, एर्नाकुलमच्या बाजूला आहे, आणि चालत गल्ल्या पाहायची मजा तिथे नाही.

‘हेरिटेज’ या शब्दाबद्दलही मनात गोंधळ नको. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात हेरिटेज हॉटेल म्हणजे १९५० पूर्वी बांधलेल्या वास्तूतलं हॉटेल, आणि त्यात पुढे क्लासिक आणि ग्रँड असे दर्जे आहेत. पण बोलताना हा शब्द सैल वापरला जातो. ब्रंटन बोटयार्ड हे इथलं नावाजलेलं हॉटेल जुन्या जहाजबांधणीच्या आवारात जुन्या धाटणीनं नव्यानं उभं केलेलं आहे, आणि ते फार मन लावून केलंय. नव्यानं बांधलेल्यात आंघोळीची सोय, पाण्याचा जोर आणि पायऱ्यांची उंची आजच्या मापाची असते, त्यामुळे वयस्क माणसांसाठी ते कधीकधी जास्तच सोयीचं पडतं. खऱ्या जुन्या घराचा आग्रह बाबांचा असेल तर धरा. नसेल तर ‘माझी खोली मूळ घरात आहे की नव्या भागात’ हे विचारून घ्या आणि नवा भाग मिळाला तर हिरमुसू नका.

आता ओल. जुलै म्हणजे केरळात भर पाऊस. तिथल्या भिंती आपल्या कोकणासारख्याच चिऱ्याच्या, वरून चुन्याचा गिलावा. चिरा पाणी पितो आणि चुना ते हळूहळू बाहेर सोडतो. भिंत ओली होते आणि वाळते, तीन-तीनशे वर्षं हे असंच चाललंय. बिघाड होतो तो कुणीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा चकचकीत ऑइलपेंट मारला की. मग पाणी आतच अडकतं, रंगाला फोड येतात आणि खोलीला कुबट वास धरतो. खोलीत शिरल्यावर मी आधी पलंगामागची भिंत बघते, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत. चुन्याची भिंत किंचित डागाळलेली दिसली तर काळजी नाही, ती श्वास घेतेय. रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले, हात लावल्यावर पांढरी भुकटी आली आणि कपाट उघडल्यावर वास आला, तर लगेच खोली बदलून मागा. बाबांना दमा किंवा जुना खोकला असेल तर यात तडजोड करू नका. जुलैत हॉटेलं भरलेली नसतात, खोली बदलून मिळते.

याच ओलीमुळे चादरी कितीही धुतल्या तरी गार लागतात. चांगल्या हॉटेलात पावसाळ्यात दुपारी खोली बंद करून तासभर एसी कोरड्या मोडवर ठेवतात, कपाटात दिवा किंवा कोळसा ठेवतात. तुम्ही फक्त सांगायचं, ‘आम्ही बाहेर असताना एसी चालू राहू द्या.’ फिरताना वाळायला घातलेले कपडे चार दिवस वाळणार नाहीत, तेव्हा जास्तीचे जोड घ्या. मच्छरदाणी दिसली तर ती शोभेची समजू नका, रात्री खाली सोडा.

स्पाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुमच्या पॅकेजमधले ‘तीन दिवसांचं पंचकर्म’ हे शब्द वाचून मला काळजी वाटली. पंचकर्म ही शोधनाची, म्हणजे शरीर आतून साफ करण्याची चिकित्सा आहे. आधी स्नेहन-स्वेदन, म्हणजे तेला-तुपानं अंग मऊ करणं आणि घाम काढणं, मग मुख्य कर्म, मग हळूहळू जेवण पूर्वपदावर आणणं. आमचे वैद्य निदान १४ दिवस हातात असल्याशिवाय त्याला हात घालत नसत, आणि त्या काळात पाहुण्यानं गावभर फिरावं हेही त्यांना मान्य नसे. तीन दिवसांत जे देतात तो अभ्यंग, म्हणजे तेलाचा मसाज, फार तर शिरोधारा, म्हणजे कपाळावर तेलाची धार, आणि वाफ. छान गोष्टी आहेत, शरीराला विसावा मिळतो, पण त्याला पंचकर्म म्हणून जास्त पैसे देऊ नका. सुटे उपचार घ्या, रोज एक. ज्या हॉटेलात वैद्य पॅकेज विकण्याआधी आईंची नाडी, रक्तदाब आणि गोळ्यांची यादी बघतात, ते हॉटेल माझ्या मते योग्य. जिथे स्वागतकक्षातच यादी पुढे करून ‘कोणता मसाज हवा’ विचारतात, तिथे बाबांचा अभ्यंग चालेल, आईंचा नको. आयुर्वेद केंद्रांसाठी केरळ पर्यटन खात्याचं स्वतःचं वर्गीकरण आहे. त्याचा फलक आहे का ते बघा. तो फलक असला तर वैद्य, प्रशिक्षित माणसं आणि साधनं यांची तपासणी झालेली असते. बाईंना बाई आणि पुरुषांना पुरुष थेरपिस्ट हा केरळातला शिरस्ता आहे, त्यामुळे आईंना संकोच वाटत असेल तर हे आधीच सांगून ठेवा.

उपचार कसा होतो ते आईंना माहीत असलं तर त्या घाबरणार नाहीत. मधोमध द्रोणी असते, एका अखंड लाकडातून कोरलेला लांब पाट, कडेनं तेल वाहून जायला पन्हळ. उंची कमरेएवढी. कोपऱ्यात लहान शेगडीवर पितळी भांड्यात तेल कोमट होत असतं, थेरपिस्ट थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघते आणि मगच हात लावते. गुडघ्यासाठी जानुबस्ती करतात. उडदाच्या पिठाची घट्ट कणीक मळून तिचं कडं गुडघ्याभोवती बसवतात, फट राहू नये म्हणून कडा ओल्या बोटानं दाबतात, आणि त्या आळ्यात कोमट तेल ओततात. थंड झालं की कापसानं टिपून घेतात आणि पुन्हा कोमट घालतात. अर्धा-पाऊण तास. दुखणं कायमचं जात नाही, पण पुढचे काही तास चालणं हलकं होतं, असं अनेक बायका मला सांगत. शेवटी मुगाच्या पिठानं तेल काढतात आणि आंघोळीनंतर टाळूवर चिमूटभर रास्नादी चूर्ण चोळतात, पावसात सर्दी होऊ नये म्हणून.

आईंच्या बाबतीत धोका तीन ठिकाणी आहे. मधुमेह जुना असेल तर तळपायांची आणि नडगीची जाणीव कमी झालेली असू शकते. गरम तेल किंवा गरम पोटली भाजतेय हे त्यांना कळणारच नाही. तेव्हा ‘मला पायांना गरम कमी कळतं’ हे वाक्य त्यांनी स्वतः थेरपिस्टला सांगितलं पाहिजे. दुसरं, उपाशीपोटी जाऊ नये. गोळी घेऊन, न्याहारी न करता, तासभर पडून राहिलं की साखर उतरते. न्याहारीनंतर दोन तासांनी वेळ घ्या आणि बिस्किटं जवळ ठेवा. लाकडी पेटीतली वाफ रक्तदाबाच्या माणसानं टाळलेलीच बरी. तिसरं, एका पोटरीला सूज आणि दुखणं असेल, किंवा गुडघा लाल आणि गरम असेल, तर मसाज अजिबात नाही, आधी डॉक्टर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

आणि आता जिना, ओल आणि तेल एकत्र येतात ती जागा. जुन्या घरात स्पासाठी मूळची खोली नसते. तो बहुधा मागच्या अंगणात, जुन्या तबेल्यात किंवा नोकरांच्या खोल्यांच्या जागी केलेला असतो. म्हणजे उपचार संपल्यावर तेलकट तळव्यांनी, पावसात भिजलेल्या फरशीवरून, उघड्या अंगणातून खोलीत यायचं. माझ्या ११ वर्षांत पाहुणे पडल्याचे जे प्रसंग मी वहीत लिहिले, त्यातले बरेचसे या वीस-पंचवीस पावलांतले आहेत. म्हणून स्पाच्या खोलीला लागूनच गरम पाण्याची आंघोळ आहे का, वाटेवर छप्पर आहे का, हे विचाराच. आईंसाठी मागे पट्टा असलेल्या रबरी चपला न्या. द्रोणीवरून उतरताना तेलकट अंगानं सरकायला होतं. थेरपिस्टनं स्टूल लावून दोन्ही हातांनी धरलं पाहिजे, तशी आधी कल्पना द्या. माझ्याबरोबर काम केलेल्या मुली हे न सांगताही करत, पण सांगितलेलं बरं.

तुमची तारीख योगायोगानं चांगली आहे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मल्याळी पंचांगातला कर्किडकम महिना असतो, आणि केरळी माणसं स्वतःसाठी उपचार याच महिन्यात घेतात. हवा दमट आणि थंड असते, तेल अंगात मुरतं असं वैद्य सांगतात. घराघरांत औषधी कर्किडक कांजी, म्हणजे तांदळाची पेज, शिजते. हॉटेलच्या स्वयंपाकघराला सांगा, सकाळी एक वाटी मिळते. पर्यटकांच्या हिशेबानं हा मंदीचा काळ, म्हणून दरही खाली येतात. छापील दरावर थांबू नका, थेट हॉटेलला फोन करून पावसाळी दर विचारा. दर रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर गेला की खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून ‘सगळे कर धरून’ किती हे विचारा.

आणखी एक गोष्ट बाबांना नक्की सांगा. कोचीत डचांचा गव्हर्नर होता हेंड्रिक व्हान ऱ्हीड. त्यानं मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ तयार करवून घेतला, हॉर्टस मलबारिकस. १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲमस्टरडॅममध्ये त्याचे १२ खंड छापले गेले. औषधींची माहिती दिली इट्टी अच्युदन नावाच्या मल्याळी वैद्यानं, आणि पडताळून दिली रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांनी. त्यांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोंकणीत, नागरी लिपीत छापलंय. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघून इथे वसलेल्या कोंकणी घराण्यांची वस्ती आजही मट्टांचेरीजवळ चेरळाईत आहे, तिरुमल देवस्वमच्या देवळाभोवती. तिथे गेलात की आजूबाजूचं बोलणं निम्मंअधिक कळतं, आणि मराठी माणसाचा चेहरा उजळतो. स्पाच्या खोलीत अंगावर पडणारं तेल आणि त्या गल्लीतलं बोलणं हे एकाच इतिहासाचे धागे आहेत, म्हणून ही दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी ठेवावीत असं मला वाटतं.

फिरण्याबद्दल थोडक्यात. दिवसाला एक फेरी, सकाळी. सेंट फ्रान्सिस चर्च पाहा. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि आधी तिथेच पुरला होता, नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. छताला दोरीनं ओढायचे जुने पंखे अजून टांगलेले आहेत, बाबा ते बघत उभे राहतील. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि १५६८ चं परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, शनिवारी; सिनेगॉगचं शुक्रवारचंही आधी विचारून घ्या आणि वार बघून आखा. किनाऱ्यावरची मासेमारीची मोठी चिनी जाळी पावसाळ्यात नेहमीसारखी चालत नाहीत, बॅकवॉटरमधून वाहत आलेली जलपर्णी त्यांत अडकते. तरी संध्याकाळी उभं राहून बघावीत. विमानतळ नेडुंबाश्शेरीला, साधारण ४० किलोमीटरवर आहे आणि पावसात दोन तास धरा, म्हणून पोहोचण्याच्या दिवशी उपचाराची वेळ घेऊ नका. एर्नाकुलमला जायचं झालं तर वॉटर मेट्रो वापरा. तिचा धक्का तरंगता असल्यामुळे बोटीच्या पातळीत राहतो आणि आईंना पाय उंच टाकावा लागत नाही. जुन्या फेरीत ती सोय नाही.

तेव्हा माझं मत असं: नव्या हॉटेलात जाऊ नका, पण पाण्याकाठच्या त्या बंगल्यात माडीवरची खोली घेऊ नका. त्यांच्याकडे तळमजल्याला उजेडाची, कोरडी खोली असेल तर तीच घ्या. नसेल तर आतल्या गल्लीतलं अंगणाचं घर शोधा आणि पाण्याकाठच्या बंगल्यात एका दुपारी जेवायला जा. खालीच पाण्यासमोर बसायला मिळेल, जहाजं दिसतील, आणि जिना चढावा लागणार नाही. ज्या हॉटेलात तीन आकडे, वैद्य आणि स्पाची वाट या प्रश्नांना नीट उत्तर मिळत नाही, त्याचा नाद सोडा. पाहुण्यांची काळजी करणारा माणूस फोनवर म्हणतो, ‘थांबा, मी जाऊन मोजून येतो.’ तसं कुणी म्हणालं तर त्याचं नाव लिहून घ्या आणि त्याच्याकडूनच खोलीचा नंबर लेखी मागा, नाहीतर पोहोचल्यावर दुसरीच खोली हाती पडते.

आणि २८ तारखेला उपचार ठेवू नका. तेल लावून, केस ओले करून, डोळ्यांवर झापड घेऊन वाढदिवसाला बसायला नको. त्या दिवशी सकाळी चेरळाईला जाऊन या, दुपारी झोप काढा, आणि संध्याकाळी पाऊस थांबला तर अंगणात, नाही तर पडवीत, बाबांना ओवाळा. निरांजन आणि कुंकू घरून न्या, बाकी सगळं हॉटेलातली माणसं आनंदानं करतात.